भूक की तलफ?

सोमवार, रात्री दहा

ऑफिसच्या ग्रुपवर गटारीचे मेसेज सुरू झालेत. कोंबड्यांचे फोटो, बाटल्यांचे फोटो, 'कोण कोण येणार, हात वर करा'. ग्रुप म्यूट केला आणि सव्वासातला भाकरी-उसळ खाऊन मोकळा झालो. शेजारचे काका विचारतात, 'जैन झालात का हो?' विचारू देत. सात ते नऊ ही माझी प्यायला बसायची वेळ होती. त्या वेळी पोट रिकामं असलं की आत जी कालवाकालव होते, ती भुकेची की तलफेची हे मला अजूनही चटकन कळत नाही. म्हणून आधी जेवून घ्यायचं. जेवूनही उरली तर ती तलफ, मग दारू सोडलेल्यांच्या ग्रुपमधल्या जुन्या मेंबरला फोन लावायचा. बहुतेक वेळा उरतच नाही.

त्या ग्रुपच्या, म्हणजे एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) मीटिंगमध्ये हे कानीकपाळी सांगतात. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चौघांना सांभाळा. सुरुवातीला मला ते फारच बाळबोध वाटायचं. एवढं मोठं आजारपण आणि उपाय काय, तर वेळेवर जेवा! मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात होतो, तिथेही तेच. १९८६ पासून चाललेली संस्था, मला वाटलं काहीतरी जबरदस्त औषध असेल. औषधं होतीच, पण त्याहून जास्त वेळ योगासनं, साफसफाई आणि गटचर्चेत गेला. वैताग यायचा. आता घरी तेच वेळापत्रक जमेल तसं चालवतोय, आणि जमत नाही तो दिवस वाईट जातो हे उघड दिसतं.

दारू सुटली की तब्येत आपोआप सुधारते असं लोकांना वाटतं. माझ्याकडे उलट एकेक दुखणं वसुलीला आल्यासारखं दारात उभं राहिलं. तळपायांना मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, बी-१ कमी पडलंय. दारू ते आतड्यातून नीट शोषूच देत नाही, आणि जेवण म्हणाल तर वर्षानुवर्षं चकण्यावरच भागवलेलं. गोळ्या चालू आहेत. झोप तर महिनोन्महिने रुसली होती. प्यायल्यावर झोप पटकन लागते, पण पहाटेची तुटते, हे तेव्हा लक्षात कोण घेतो? अजूनही मधूनच प्यायल्याचं स्वप्न पडतं, घाम फुटून जाग येते आणि स्वप्नच होतं हे कळल्यावर जो आनंद होतो तो विचारू नका.

गोडाचं मात्र अवघड झालंय. कधी पेढ्याकडे न बघणारा मी आता डबे धुंडाळतो. बऱ्याच जणांचं असं होतं म्हणे. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितलीय. अमावास्येला ही दिवे घासून दीपपूजा करते, कणकेचे गुळाचे दिवे करते. ते तुपासोबत खाणार, मोजून.

आणखी एक. मी दरवर्षी श्रावण कडक पाळायचो. महिनाभर थेंब नाही, म्हणजे ताबा आपलाच, असा मोठा दिलासा असायचा त्यात. पहिल्या आठवड्यात हात थरथरायचे, ते उपासाच्या नावावर खपून जायचं. या आठवड्यात असे कितीतरी बहाद्दर भेटतील. त्यांना काही सांगायला जाणार नाही, मला कोणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं.

आज दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. इतकी वर्षं दुखलं की पिऊन दाबलं, आता रूट कॅनाल. बिल हिने ऑनलाइन भरलं. एटीएम कार्ड तिच्याचकडे असतं. रिक्षाला दिलेल्या पैशातले उरलेले ओट्यावर ठेवले, तर म्हणाली, 'राहू देत की तुमच्याकडे.'

म्हटलं, दिवाळीपर्यंत तूच ठेव.