साखरेआधी भात

माघ शुद्ध पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. देवाचं का असेना, लग्न म्हटलं की साखरभात आलाच, आणि वसंत पंचमी म्हणून तो पिवळा हवा. पिवळ्याची सांगलीकराला काय चिंता! हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवलेला मुलूख हा. पण 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून कुणी ती चमचाभर घालू नये. वाटीभर तांदळाला हळद चिमूटभरच, तीही तुपात परतून; कच्ची राहिली तर गोड भाताला फोडणीच्या भाताचा वास येतो. वासाचं काम केशराचं, पंधरा-वीस काड्यांचं.

साखरभात बिघडतो तो बहुतेक वेळा घाईने. साखर पाणी धरून ठेवते. अर्धवट शिजलेला तांदूळ पाकात पडला की त्याला फुगायला पाणीच मिळत नाही, शीत आतून टचटचीत राहतं. मग कितीही वाफा काढा, उपयोग शून्य. म्हणून भात आधी पुरता शिजलेला हवा, तरीही मोकळा. जुना बासमती घ्यावा. इंद्रायणी आमटीभाताला उत्तम, इथे तिचा गोळा होतो.

वाटीभर तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. दोन चमचे तुपात चार-पाच लवंगा आणि हळद घालून तांदूळ डावाला हलका लागेपर्यंत परतावा. वर दोन वाट्या आधणाचं पाणी आणि मीठ, नावापुरतं. शीत बोटांत सहज चिरडलं पाहिजे. मग भात परातीत पसरून गार करायचा. ही पायरी टाळली की गरम, मऊ शितं पाकात ढवळताना मोडतात.

साखर सव्वा वाटी. दुप्पट घालणारी घरंही आहेत. तिथे दुसरी मूद कोण मागत असेल, देव जाणे. साखरेत अर्धी वाटी पाणी घालून एकतारी पाक करावा: थेंब जरा निवला की अंगठा आणि बोटामध्ये एकच तार निघते. दोनतारीवर गेला तर भात गार झाल्यावर साखर पुन्हा कणीदार होते. पाकात चमचाभर लिंबाचा रस घातला की हा धोका कमी होतो. मात्र लिंबू असेल तर केशर दुधात खलू नये, दूध फाटून भातात पांढरे कण दिसतात. कोमट पाणी पुरे.

भात पाकात घातला की सगळं एकदम पातळ होतं. इथेच नवख्याचा धीर सुटतो आणि तो आच वाढवतो. तसं न करता पातेल्याखाली तवा ठेवावा, झाकण घालावं आणि पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर पाक मुरू द्यावा. मध्ये एकदाच, उलथन्याने कडेकडेने हलवावं.

बेदाणे तासगावचे हिरवे असले तर फारच छान. त्यांची आंबूस चव गोडाला आवरते. तुपात टाकले की ते टम्म फुगतात, त्याच क्षणी काढायचे. क्षणभर उशीर झाला की करपून कडू. काजू आधी तळून घ्यावेत. वेलदोड्याची पूड गॅस बंद केल्यावरच, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो.

उरलेला भात दुसऱ्या दिवशी तूप थिजून घट्ट वाटतो. तो थेट आचेवर न ठेवता पाण्याचा हबका मारून कुकरमध्ये शिटीशिवाय वाफवावा.