टाउनहाउस की कॉन्डो? आधी डीड वाचा

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्स्विक या पट्ट्यात घर शोधताना स्वतंत्र घराचं बजेट नसलं की दोन पर्याय उरतात, कॉन्डो आणि टाउनहाउस. फोटो बघून बरेच जण ठरवून टाकतात, लिफ्टची इमारत म्हणजे कॉन्डो आणि शेजाऱ्याला भिंत लागून असलेलं दुमजली घर म्हणजे टाउनहाउस. गफलत इथेच होते. टाउनहाउस हा बांधणीचा प्रकार आहे आणि कॉन्डोमिनियम हा मालकीचा. दिसायला टाउनहाउस पण कायद्याने कॉन्डो, अशी घरं इथे भरपूर आहेत. छप्पर गळू लागेपर्यंत कित्येक मालकांना आपलं घर कोणत्या प्रकारात मोडतं हे ठाऊकच नसतं.

त्यामुळे विक्रेत्याची डीड, म्हणजे मालकीचा दस्तऐवज, मागवा. त्यात ब्लॉक आणि लॉटचा क्रमांक देऊन जमिनीच्या तुकड्याचं वर्णन असेल, तर घराखालची जमीन तुमची होणार. याला फी सिंपल मालकी म्हणतात. 'युनिट क्रमांक अमुक, आणि सामाईक भागांत इतके टक्के अविभाज्य हिस्सा' असं लिहिलेलं असेल तर तो कॉन्डो, मग पुढे अंगण असो की स्वतःचं गॅरेज. डीड मिळायला वेळ लागत असेल तर मालमत्ता कराची ऑनलाइन नोंद उघडा. ब्लॉक आणि लॉटच्या शेजारी 'क्वालिफायर' नावाचा रकाना असतो. त्यात सी या अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसला की ते कॉन्डोचं युनिट समजा.

पुण्यात 'अपार्टमेंट' म्हणून नोंदलेल्या इमारतीत राहिलेल्यांना ही रचना नवी वाटणार नाही. न्यू जर्सीचा कॉन्डोमिनियम कायदा १९६९चा, महाराष्ट्राचा अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७०चा. दोन्हीकडे फ्लॅट तुमच्या नावावर आणि सामाईक भागांत टक्क्यांत लिहिलेला हिस्सा.

मालकीचा हा फरक खिशाला जाणवतो तो दुरुस्तीत आणि विम्यात. कॉन्डोत साधारणपणे भिंतींच्या आतला भाग तुमचा. छप्पर, बाहेरच्या भिंती, पाया, मुख्य पाइप घरमालकांच्या संघटनेच्या अखत्यारीत. फी सिंपल टाउनहाउसमध्ये हे सगळं सहसा तुमचं. सहसा असं म्हणायचं कारण, काही ठिकाणी जमीन तुमची असूनही छप्पर आणि बाहेरचा रंग होम ओनर्स असोसिएशन सांभाळते. त्यासाठी 'डिक्लरेशन' नावाचा दस्तऐवज (कॉन्डो असेल तर 'मास्टर डीड') वाचावा आणि देखभालीची जबाबदारी सांगणारं कलम शोधावं. खिडक्या, बाल्कनी, डेक आणि भिंतीतला पाइप या चार गोष्टींवर सगळ्यात जास्त वाद होतात, तेव्हा त्यांचा उल्लेख नेमका कुठे आहे ते पाहाच.

विमा नीट समजून घ्या. संपूर्ण घर तुमचं असेल तर एचओ-३ प्रकारची पॉलिसी लागते. कॉन्डोत इमारतीसाठी संघटनेची मास्टर पॉलिसी असते आणि आतल्या भागासाठी तुम्ही एचओ-६ घेता. मास्टर पॉलिसी कुठे थांबते हे दर ठिकाणी वेगळं. काहींत नुसत्या उघड्या भिंतींपर्यंतच संरक्षण असतं; म्हणजे किचन कॅबिनेट, फ्लोरिंग, बाथरूमच्या टाइल्स सगळं तुमच्या एचओ-६वर. समजा, वरच्या मजल्यावरचा वॉटर हीटर फुटला आणि तुमचं सीलिंग कोसळलं. वरच्याने निष्काळजीपणा केला हे सिद्ध होत नसेल तर त्याच्याकडून भरपाई मिळणं अवघड, आणि मास्टर पॉलिसीचा डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः सोसायची रक्कम) २५,००० डॉलर असेल आणि नुकसान त्याहून कमी असेल तर ती पॉलिसी या नुकसानीला हातही लावणार नाही. तुमच्या कामी येते ती तुमचीच एचओ-६. तिच्यात 'लॉस असेसमेंट' हे कलम असतं. इमारतीच्या विमायोग्य नुकसानीचा खर्च सगळ्यांवर वाटला गेला तर तुमचा वाटा त्यातून भरता येतो. मूळ पॉलिसीत ही रक्कम बरेचदा फक्त १,००० डॉलर असते. ती वाढवून घ्या, त्यासाठी हप्ता फारसा वाढत नाही.

आता संघटनेला द्यायचं मासिक शुल्क. कमी शुल्काला भुलू नका. ६० घरांच्या संकुलात छपरं बदलायला ६ लाख डॉलर लागणार आहेत आणि राखीव निधीत दीड लाखच आहेत असं धरा. उरलेले साडेचार लाख ६० घरांत वाटले तर प्रत्येकी ७,५०० डॉलरचं स्पेशल असेसमेंट, म्हणजे शुल्काव्यतिरिक्त जादा वर्गणी, येतं. फ्लोरिडात सर्फसाइड इथली चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही कॉन्डो इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली आणि ९८ माणसं गेली; दुरुस्तीचा मोठा खर्च रहिवाशांपुढे आधीच मांडलेला होता. त्या दुर्घटनेनंतर, जानेवारी २०२४मध्ये, न्यू जर्सीने कायदा केला. आता बहुतेक संघटनांना दर पाच वर्षांनी रिझर्व्ह स्टडी करावी लागते, म्हणजे छप्पर, रस्ते, लिफ्ट यांचं उरलेलं आयुष्य आणि त्यासाठी लागणारा पैसा यांचा हिशोब. ती मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर मला ते घर सोडून देणं जास्त बरं वाटतं.

शुल्कामुळे कर्जाची ऐपतही घटते. साडेसहा टक्के व्याजाने ३० वर्षांच्या कर्जात महिना ४०० डॉलर म्हणजे सुमारे ६३,००० डॉलरचं मुद्दल. शिवाय कॉन्डोला कर्ज देताना बँक तुमच्याबरोबर संपूर्ण संकुलही तपासते: राखीव निधीत किती जातं, किती जणांचं शुल्क थकलंय, कोर्टात दावे आहेत का. संकुल नापास झालं तर तुमचा क्रेडिट स्कोर कितीही चांगला असला तरी नेहमीचं कर्ज अडतं. डाउन पेमेंट २५ टक्क्यांपेक्षा कमी आणि मुदत १५ वर्षांपेक्षा जास्त असेल, तर फॅनी मे या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या दरपत्रकात कॉन्डोसाठी कर्जाच्या ०.७५ टक्के जादा आकार आहे. चार लाखांवर ३,००० डॉलर. तो तुमच्याकडून रोख किंवा वाढीव व्याजदरातून वसूल होतो. फी सिंपल टाउनहाउसला हा आकार नाही.

राहण्याच्या दृष्टीने दोनच गोष्टी. आई-बाबा भारतातून सहा-सहा महिने येणार असतील तर तीन मजली टाउनहाउसमध्ये गुडघ्यांचे हाल होतात. खाली बेडरूम नाही तर निदान पूर्ण बाथरूम तरी हवं. आणि फोडणीचा धूर: कॉन्डोत बऱ्याच ठिकाणी शेगडीवरचा हूड हवा गाळून पुन्हा घरातच सोडतो. धूर बाहेर काढायला बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर ती भिंत सामाईक, त्यामुळे संघटनेच्या बोर्डाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळेलच असं नाही. घर बघायला जाल तेव्हा हूड चालू करून हवा कुठे जाते ते पाहा.

रिअल्टरने तयार केलेल्या करारावर सह्या झाल्यावर न्यू जर्सीत ॲटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घ्यायचे, तीन कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात सगळी कागदपत्रं हाती येणं कठीण, म्हणून वकिलाला करारात अट घालायला सांगा: मास्टर डीड किंवा डिक्लरेशन, चालू बजेट, रिझर्व्ह स्टडी, मास्टर पॉलिसीचं प्रमाणपत्र आणि बोर्डाच्या बैठकींची दोन वर्षांची इतिवृत्तं वाचून समाधान झालं नाही तर करार रद्द करता येईल. इतिवृत्तांत छप्पर, गळती, वकील आणि कर्ज हे शब्द शोधा. येणारं असेसमेंट बजेटमध्ये दिसण्याच्या बरंच आधी तिथे चर्चेला आलेलं असतं.