पहाटेच्या कुंडासाठी एक मुक्काम

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे मुंबईकरांना इतकी जवळची वाटतात, की तिथे मुक्काम करायचा म्हटले की लोक हसतात. आम्हीही अनेक वर्षे सकाळी निघून संध्याकाळी परत, अशीच सहल करत आलो, आणि दर वेळी भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेली फरशी अशा अवस्थेत त्या वाफाळत्या पाण्यात उतरलो. तो आनंद नसून सोस होता, हे मान्य करायला मला बराच काळ लागला. या पाण्याची खरी वेळ थंडीतली पहाट आहे आणि गोरेगावहून पहाटे पाचला गणेशपुरीत पोहोचणे आईबाबांच्या वयात शक्य नाही. म्हणून या डिसेंबरात एक रात्र तिथेच काढायची, असे ठरवून मी बाकीची सगळी आखणी त्या एका पहाटेपासून मागे मागे करत आणली.

पहिला प्रश्न वाराचा होता. या परिसरात आठवड्यातला एकेक वार एकेका देवस्थानाने वाटून घेतला आहे. सोमवारी गणेशपुरीच्या भीमेश्वराकडे आणि अकलोलीच्या रामेश्वराकडे भाविक वळतात, मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, गुरुवार नित्यानंद स्वामींचा, आणि शनिवार-रविवार अर्थातच आपल्यासारख्यांचे. उरला बुधवार. त्यामुळे मंगळवारी दुपारी निघायचे, रात्री गणेशपुरीत राहायचे आणि बुधवारी पहाटे स्नान करायचे, असे ठरले. पावसाळ्याचा विचार मी कधीच केला नाही, कारण तानसा नदीच्या पात्रालगतची काही कुंडे त्या दिवसांत पुराच्या पाण्याखाली जातात. याच तानसेवरच्या, 1892 मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना येते, हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे गार पाणी घरपोच आणि गरम पाण्यासाठी आपण जायचे!"

जाण्यासाठी वसई रोडपर्यंत लोकल आणि तिथून पुढे साधारण 30 किलोमीटर रस्ता, एसटीने किंवा रिक्षाने, हा मार्ग आम्हाला सोयीचा आहे. मात्र संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन चढणे आणि मुख्य म्हणजे वसईला वेळेवर दारापर्यंत पोहोचून उतरणे, हे दिव्य मला करायचे नाही. म्हणून दुपारी बाराच्या सुमारासची गाडी पक्की केली आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली. स्त्रियांची आणि पुरुषांची स्नानाची व्यवस्था वेगळी असते, म्हणजे मी आईबरोबर असणार आणि बाबा पलीकडे एकटे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो आणि माणूस झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच कुंडाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. शेवटी मावसभावाला गळ घातली आणि तो रजा टाकून येतो आहे. डॉक्टरांनी बाबांना परवानगी दिली ती दहा मिनिटांची, तीही पाणी कमरेपर्यंतच ठेवून आणि बाहेर आल्यावर थोडा वेळ बसून राहण्याच्या अटीवर. प्रत्येक कुंडाचे पाणी सारखे तापलेले नसते, त्यामुळे आधी पाऊल बुडवून पाहायचे आणि मगच उतरायचे, हा नियम सर्वांना सांगून ठेवला आहे.

हे पाणी तापते कशाने, असे भाच्याने विचारले तेव्हा ज्वालामुखीचे उत्तर माझ्याही तोंडावर आले होते. इथला काळा पाषाण लाव्हारसाचाच असला, तरी तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला आहे. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खोलवर मुरते, जिथे दर किलोमीटरमागे तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जाते, आणि तापलेले पाणी दुसऱ्या भेगांतून वर येते. आईच्या मते मात्र देवीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त आहे. पाण्यातल्या गंधकाचा अनुभव तिने घेतलेला आहे, कारण मागच्या खेपेस तिची चांदीची जोडवी स्नानानंतर बोटांतच काळी पडली होती आणि घरी येऊन चिंचेने घासली तेव्हा कुठे उजळली. या वेळी ती जोडवी काढून डबीत ठेवायला तयार नाही. चिंच मात्र आठवणीने आणून ठेवली आहे.

स्नानानंतर गणेशपुरीतच गरम इडली खायची आणि मग दोनेक किलोमीटरवरच्या वज्रेश्वरीला जायचे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला आणि 1739 च्या विजयानंतर हे मंदिर उभे राहिले, अशी त्याची ख्याती आहे. किल्ल्यासारख्या तटापर्यंत 52 पायऱ्या चढाव्या लागतात. दर्शन आधी की स्नान आधी, यावर घरात वाद नव्हता, पण गुडघ्यांचा विचार केला तरी स्नान आधीच बरे.

राहण्याच्या बाबतीत मी एकदा फसले आहे. "खोलीतच कुंडाचे पाणी" असे सांगणाऱ्या एका लॉजवर नळाला आले ते चक्क गीझरचे कोमट पाणी. त्यामुळे या वेळी कुंडापासून चालत पाच मिनिटांवरची, तळमजल्यावरची साधी खोली घेतली. फोनवर मालकांनी भाडे सांगण्याआधीच बजावले, "ताई, पहाटे चारला दार वाजवू नका, फाटकाची किल्ली रात्रीच घेऊन ठेवा."