रिंग कागदावरची आणि जमिनीतली

एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या इस्टेट विभागात मी विजेचं बघतो. आमच्याकडे कृष्णाकाठची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगलेली. केबलच्या जॉइंटला ही माती मानवत नाही.

आमची ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, लाइन रेडियल होती. मीटर रूममधून एकच केबल निघायची आणि वर्कशॉप, मुख्य इमारत, लायब्ररी करत शेवटी हॉस्टेलला पोचायची. वाटेत कुठेही काही झालं की हॉस्टेल अंधारात. ऐन परीक्षेत पाण्याच्या पाइपसाठी खणताना जेसीबीच्या दातात केबल आली आणि हॉस्टेलने अडीच दिवस जनरेटरवर काढले. त्यानंतर मी रिंगचा प्रस्ताव लिहायला घेतला: केबल हॉस्टेलहून दुसऱ्या वाटेने परत मीटर रूमला आणायची, म्हणजे प्रत्येक इमारतीला दोन्हीकडून सप्लाय देता येईल; मध्ये एक स्विच मात्र कायम उघडा, म्हणजे तोडलेला, ठेवायचा.

पहिला वाद पैशांचा. चार सबस्टेशन, प्रत्येकी ६३० केव्हीए क्षमतेचं. सगळे पूर्ण भरले तरी ११ केव्हीला १३२ अँपिअर. रेडियलवाले म्हणत, पुढेपुढे केबल बारीक करत न्या, पैसे वाचतील. पण केबलची जाडी नुसत्या लोडवर ठरत नाही, शॉर्ट सर्किटही सोसावं लागतं. अॅल्युमिनियमची एक्सएलपीई (प्लॅस्टिकसारख्या इन्सुलेशनची) केबल शॉर्ट सर्किटमध्ये एक सेकंदासाठी दर चौरस मिलिमीटरला साधारण ९४ अँपिअर झेलते. म्हणजे ९५ चौरस मिलिमीटरची केबल नऊ हजार अँपिअरच्या आसपास. आमच्या जागेची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट झाल्यावर येऊ शकणारा करंट, त्याहून जास्त, त्यामुळे शेवटपर्यंत १८५चीच हवी. बारीक करून वाचणारे पैसे तिथेच संपले. रिंगचा जादा खर्च उरला तो परतीच्या केबलचा आणि आरएमयूंचा, म्हणजे प्रत्येक सबस्टेशनला दोन्हीकडची केबल जोडता-तोडता येणाऱ्या स्विचच्या पेट्यांचा.

बैठकीत अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, "दोन वाटा करणार आणि मधला स्विच कायम उघडा ठेवणार? मग रिंग कसली?" तो स्विच जोडलेला ठेवला तर फॉल्टला दोन्हीकडून करंट मिळतो, मग फॉल्ट नेमक्या कुठल्या तुकड्यात आहे ते ओळखणारे डायरेक्शनल नाहीतर डिफरन्शिअल रिले प्रत्येक सबस्टेशनला लागतात, आणि ते सांभाळायला आमच्याकडे दोनच वायरमन. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे स्टेपनी. मग ठीक आहे."

हा उघडा स्विच, म्हणजे उघडा पॉइंट, लायब्ररी आणि हॉस्टेलच्या मध्ये ठेवला. वर्कशॉपच्या बाजूला काही झालं तरी हॉस्टेल वेगळ्या केबलवर.

नकाशा आला, छान होता. आमच्या वायरमनकाकांना घेऊन रस्ता पायी फिरलो. मीटर रूमपासून पहिले तीनशे मीटर जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात दाखवली होती. काका थांबले. "साहेब, जेसीबीवाला काय एकच उपटणार आहे का?" कन्सल्टंटला ते दिसलं नव्हतं, मलाही नाही. परतीची केबल मैदानामागून नेली. लांबी वाढली, माझी बोलणीही खाऊन झाली.

विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीत फार काही नव्हतं. टेस्ट रिपोर्ट आणि अर्थिंगची रीडिंग नीट असली की झालं.

खरी धडकी चार्जिंगच्या, म्हणजे रिंगमध्ये पहिल्यांदा वीज सोडायच्या, दिवशी भरली. उघड्या पॉइंटवर दोन्ही बाजूंना सप्लाय आला. स्विच जोडण्याआधी दोन्हीकडचे फेज जुळतात का ते दाखवणारा फेज कम्पॅरेटर लावून बघितलं, तर आर फेजच्या समोर बी फेज. कुठल्यातरी टोकाला केबल जोडताना अदलाबदल झाली होती. न तपासता हँडल मारलं असतं तर सरळ शॉर्ट. सप्लाय काढला, अर्थ केलं, टोकं बदलली, पुन्हा तपासलं. तेव्हा कुठे चहा प्यायलो.

रिंग असली तरी बाहेरचा सप्लाय एकच. तो गेला की जनरेटर आहेतच.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला मुख्य इमारत आणि लायब्ररीच्या मधला जॉइंट उडाला आणि मीटर रूममधला त्या बाजूचा ब्रेकर पडला. काका टॉर्च घेऊन फिरले. मुख्य इमारतीच्या आरएमयूवरचा फॉल्ट इंडिकेटर तिथून फॉल्टचा करंट गेल्याचं दाखवत होता, लायब्ररीचा नाही. मधला तुकडा दोन्ही टोकांनी तोडला, ब्रेकर पुन्हा चालू केला, मग उघडा पॉइंट जोडून लायब्ररी हॉस्टेलच्या बाजूने उचलली. पस्तीस मिनिटं लागली. हॉस्टेलला पत्ताही नव्हता. जॉइंटचा खड्डा पाण्याने भरला होता, तो उपसून चार दिवसांनी काम झालं, दिवसाउजेडी.