कीबोर्ड हिंदी, मजकूर मराठी

इंदुरात अनेक घरांत मराठी बोललं जातं, पण फोनमधला कीबोर्ड बहुतेक वेळा हिंदीच असतो. गणेशोत्सवाची सूचना असो, मुंजीचं आमंत्रण असो की श्रद्धांजलीचा मजकूर, लिहिणाऱ्याला मराठी चांगलं येत असतं. तरीही मजकुरात चुका राहतात, कारण त्यांतल्या बऱ्याचशा कीबोर्डने केलेल्या असतात. म्हणून शुद्धलेखनाची सुरुवात आधी फोनच्या सेटिंगपासून करावी. व्याकरणाचं पुस्तक नंतर उघडलं तरी चालेल.

हिंदी कीबोर्डचा शब्दसंग्रह हिंदी असतो. इंदूर लिहायला घेतलं की तो इंदौर सुचवतो, बँकेचं बैंक करतो आणि राजवाडा लिहिताना 'ड'खाली नुक्ता देऊन राजवाड़ा करतो. मराठीत नुक्ता नाही. जरा, फक्त, वाडा, पेढा हे सगळे शब्द टिंबाशिवायच. सगळ्यांत जास्त हाल होतात ते 'ळ'चे. हिंदी पाटीवर होलकर आणि पलसीकर कॉलोनी असतं, तेच पाहून मराठीतही तसंच लिहिलं जातं. मराठीत ते होळकर आणि पळशीकर कॉलनी. काळ्यांचं 'काले' झालं तर आडनावच बदललं! सरकारी कागदावर जे छापलंय ते फॉर्म भरताना तसंच ठेवावं लागतं, नाही तर कागद जुळत नाहीत. पण मराठी आमंत्रणात ळ हवाच, त्यात तडजोड नको.

उपाय सोपा आहे. गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'भाषा' उघडा, 'कीबोर्ड जोडा' निवडा आणि मराठी घ्या. तिथे देवनागरी अक्षरांची मांडणी मिळते आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारीही. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घाची खात्री हवी त्यांनी पहिली घ्यावी. दुसरीत वेलांटी कुठली, हे कीबोर्ड ठरवतो. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलता येते. चुकीचा शब्द कीबोर्डने एकदा शिकून ठेवला असेल, तर तो सूचनेत दिसताच दाबून धरून कचरापेटीकडे ओढावा. घरातली आणि मंडळातली आडनावं वैयक्तिक शब्दकोशात एकदाच घालून ठेवली की पुढे त्रास नाही.

संगणकावर इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी वापरत असाल तर शिफ्ट दाबून 'एन'वर ळ, 'सी'वर ण आणि 'जे'वर ऱ मिळतो. हा शेवटचा फार कामाचा. साधा र घेऊन त्याचा पाय मोडला आणि पुढे य दिला की 'र्य' होतो. ऱ घेतला तर 'ऱ्य'. लग्नाच्या नियोजनात 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम' ही दोन वेगळी कामं आहेत, एक गुरुजींचं आणि एक स्वयंपाकघराचं. जुन्या मजकुरात ऱ्य दुसऱ्या पद्धतीने, र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून, केलेला आढळतो. दिसायला तो तसाच असतो, पण शोध घेतला तर सापडेलच असं नाही. 'ॲ'चंही तसंच: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण संचात, हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं, त्याआधी ते अ आणि चंद्र जोडून करत. नवीन मजकुरात एकसंध ॲ वापरावा.

हिंदीची दुसरी सवय म्हणजे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं तोडून लिहिणं. हिंदीत 'घर के सामने' असे सुटे शब्द, म्हणून मराठीतही 'घरा समोर', 'मुलां साठी', 'इंदूर मध्ये' होतं. मराठीत ते जोडूनच: घरासमोर, मुलांसाठी, इंदूरमध्ये. इथेही फोन भर घालतो, कारण सुचवलेला शब्द निवडला की तो पुढे आपोआप जागा सोडतो. प्रत्यय लिहिण्याआधी एकदा मागे जाऊन ती जागा पुसायची, एवढंच. 'च' आणि 'ही'सुद्धा जोडून: तूच, तोही.

आता अनुस्वार. ऑनलाइन मराठीत सर्वांत जास्त गळतो तो हाच. 'मी काम केल', 'छान वाटल', 'अस झाल' ही वाक्यं रोज दिसतात. लिहायचं तर 'केले, वाटले, असे झाले' किंवा बोलीच्या वळणाने 'केलं, वाटलं, असं झालं'. दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच वळण ठेवावं. अनेकवचनातही हाच गोंधळ: 'फळ आणली' नव्हे, 'फळं आणली'. एका घरात आणि दहा घरांत, मुलाचा वाढदिवस आणि मुलांचा वाढदिवस, यांतला फरक त्या एका टिंबाचाच असतो. आदरार्थी बहुवचनात तर तो गाळूच नये. 'काकाचे आभार' आणि 'वडिलाचे निधन' हे वाचणाऱ्याला खटकतं, कारण तिथे मान उणा पडतो. काकांचे आभार, वडिलांचे निधन. आमंत्रणात 'सौ. कां.' लिहितानाही 'कां'वर अनुस्वार हवा, कारण मूळ शब्द सौभाग्यकांक्षिणी आहे.

वेलांट्यांची भीती मात्र विनाकारण वाढवली जाते. लेखनाचे १४ नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. रोजच्या कामाला त्यांतले दोन-तीन पुरतात. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: मी, की, पाणी, कवी, गुरू. 'आणि' आणि 'नि' यांना पहिली वेलांटी. 'परंतु', 'तथापि' हेही अपवाद. समासात संस्कृत शब्द पुढे आला की तो मुळासारखा राहतो, म्हणून गुरू पण गुरुपौर्णिमा, कवी पण कविसंमेलन. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ इ-उ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: बहीण, बहिणीला, मूल, मुलाला. म्हणूनच आपण इंदूरला जातो, पण इंदुरात राहतो. संस्कृत शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर, शरीरात. 'हार्दिक'ला पहिली वेलांटी आणि 'वर्धापन दिन'लाही. 'दीन' म्हणजे गरीब, आणि आपल्या संस्थेचा 'वर्धापन दीन' कोणी साजरा करू नये.

हे सगळं लेखनापुरतं. 'येऊन राहिलो' ही इंदुरी लकब तशीच लिहावी, पुण्याची करू नये. १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलन ज्या गावात भरलं, त्या गावाचं मराठी आपल्या वळणाने लिहिलं जायला हवं, फक्त नीट.

विरामचिन्हांबद्दल थोडक्यात. मराठी वाक्याच्या शेवटी टिंब, उभा दंड नव्हे; दंड ओवी-अभंगात शोभतो. टिंब आणि स्वल्पविराम यांच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर सोडायची. आधी सोडली तर ओळ मोडताना स्वल्पविराम एकटाच खालच्या ओळीत जाऊन पडतो. 'कार्यक्रम कधी आहे, ते कळवा' यात प्रश्नचिन्ह नको, कारण ती विनंती आहे. 'दुःख' आणि 'स्वतः' यांत विसर्ग द्या, अपूर्णविराम नको. दिसायला सारखे असले तरी शोधताना ते वेगळे ठरतात. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट दाबून वजाच्या चिन्हावर आहे.

पत्रिका छापायची असेल तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फाँट चालतो. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. त्यामुळे युनिकोड मजकूर कृतिदेवमध्ये नेताना आणि परत आणताना जोडाक्षरावरची पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. छापखान्याकडून पीडीएफ आली की आधी नावं वाचा, मग तारीख आणि वार पंचांगाशी ताडून पाहा, आणि शेवटी फक्त ळ, ऱ्य, रफार नि वेलांट्या शोधत सगळा मजकूर पुन्हा एकदा पाहा. हे दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं तर उत्तम, कारण स्वतः लिहिलेल्या मजकुरात जे मनात असतं तेच डोळ्यांना दिसतं.