तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट दिसतेस, मग मदत कशाची?

कुणी काळजीने विचारतं, कुणी खोचकपणे, पण प्रश्न तोच: "दम्याच्या औषधांचे पैसे सरकारकडून घेतेस म्हणे? दिसतेस तर चांगली धडधाकट." आजवर हसून विषय बदलत आले. आज नाही बदलणार.

तर, घेत नाही. मिळालेच नाहीत. अर्ज मात्र केला होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. (थोडी वाटते. म्हणूनच एवढं लिहितेय.)

अर्जासोबत फुंकायची चाचणी असते. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोरची बाई ओरडतेय, "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत, तीनदा. मग निळ्या पंपाचे, म्हणजे श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचे, चार पफ, पंधरा मिनिटं बाकावर, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पंपानंतर 12 टक्के आणि 200 मिलिलिटर, दोन्ही हिशेबांनी वाढली, तर दम्याला पुरावा मिळाला. माझी वाढली नाही. वाढणार कुठून? वर्षभर सकाळ-संध्याकाळ न चुकता रोजचा, आतली सूज आवरणारा पंप घेतलेला, नळ्या आधीच मोकळ्या. कागदावर आलं, 'सामान्य मर्यादेत'.

"तुम्ही तर बऱ्या आहात," अर्ज बघणारे साहेब म्हणाले.

"औषधामुळे बरी आहे."

"ते यात दिसत नाही ना."

बरीच वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खरं तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं. त्यांच्यासमोर कागद होता, आणि कागदात खोटं काहीच नव्हतं.

दमेकऱ्यांचा सल्ला दमेकऱ्यांकडूनच येतो. एकीने सांगितलं, "पुढच्या वेळी आठ-दहा दिवस रोजचा पंप बंद ठेव आणि मग जा. आपोआप दिसेल."

ठेवला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही, आणि दमा फसवतो तो इथेच. आतली सूज हळूहळू परतते, त्यामुळे वाटतं की औषधाची गरज नव्हतीच. मीही तेव्हा मनात म्हटलं होतं, विचारणारे बरोबरच होते की काय? सहाव्या रात्री खोकला. सातव्या दिवशी निळा पंप सहा वेळा. आठव्या रात्री मी पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर. 'पाणी' म्हणाले आणि 'दे' म्हणायला पुन्हा श्वास घ्यावा लागला. छातीतली घरघर शेजारच्या खोलीत ऐकू येत होती म्हणे. नंतर ती कमी झाली तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच सगळ्यात धोक्याचं होतं, कारण आवाज व्हायलाही हवा आत-बाहेर जावी लागते.

ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड, चार दिवस अ‍ॅडमिट. चाचणीची तारीख त्यातच उलटून गेली. आणि बिल? ते सरकारी योजनेने भरलं, पूर्ण. अ‍ॅडमिट झालं की पैसे मिळतात. अ‍ॅडमिट व्हावं लागू नये म्हणून जो पंप घ्यायचा, त्याचे नाहीत.

"बाहेरच्या देशांत सगळं फुकट असतं," असंही ऐकवतात. इंग्लंडमध्ये कोणत्या आजारांना औषधाचं शुल्क माफ, ती यादी मुळात 1968 ची आहे. दमा तिच्यात नाही. शेजारच्या स्कॉटलंडने 2011 मध्ये ते शुल्कच काढून टाकलं. टोकियोत डिझेलच्या धुराविरुद्धचा खटला 2007 मध्ये तडजोडीने मिटला. 2008 पासून तिथे सगळ्या वयांच्या दमेकऱ्यांचा उपचारखर्च उचलला जाऊ लागला, मोटार कंपन्यांनीही त्यात पैसे घातले. 2015 मध्ये प्रौढांचे नवे अर्ज घेणं बंद. आजार सगळीकडे एकच, दार मात्र कुठे उघडं, कुठे लोटलेलं.

पैसे कमी पडले की माणूस आधी रोजचा पंप सोडतो, कारण तो घेतल्याचं काही जाणवतच नाही. निळा लगेच मोकळं करतो. नुसत्या निळ्यावर राहू नका, असं मोठ्या माणसांसाठी 2019 पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. मला ते तेव्हाही माहीत होतं.

म्हणजे दोष कुणाचा? पंप मी बंद केला, योजनेने नाही. हे मी स्वतःला ऐकवते. मग वाटतं, ज्या दारात बऱ्या माणसाला 'तू आजारी नाहीस' म्हणून परत पाठवतात, तिथे तो आणखी काय करणार? जुने रिपोर्ट धरा म्हणावं, तर ज्याने पैशांअभावी कधी चाचणीच केली नाही त्याचं काय? चाचणीच नको म्हणावं, तर प्रत्येक खोकला दमा ठरेल. माझ्याजवळ यावर नियम नाही. साहेबांजवळही नव्हता.

पुन्हा अर्ज केलाय. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायची ती प्लास्टिकची नळी) आरशापाशी ठेवलाय, दिसेल असा. आज सकाळी दोन पफ घेतले, चूळ भरली. संध्याकाळचे अजून घ्यायचेत.