क्लॉपनंतरचा पहिला उन्हाळा मी कसा काढला

प्रीसीझनचे, म्हणजे मोसमाआधीच्या सराव मॅचेसचे, निकाल मनावर घ्यायचे नसतात, हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या कुठल्याही चाहत्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. आणि पुढच्याच मॅचला दोन गोल खाल्ले की तोच माणूस ‘यंदा काही खरं नाही’ म्हणत डोक्याला हात लावून बसेल. मीही त्यातलीच. २०१९च्या उन्हाळ्यात आम्ही डॉर्टमुंडकडून ३-२ हरलो, सेव्हियाकडून २-१ हरलो, स्पोर्टिंगशी २-२ बरोबरी केली आणि एडिनबर्गच्या मरेफील्डवर नापोलीने आम्हाला ३-० असं धुतलं. त्याच मोसमात ९९ गुण मिळवून तीस वर्षांनी लीग जिंकली. उलट २०२२ बघा. लाइपझिगविरुद्ध डार्विन नुन्येझने एकट्याने चार गोल मारले, कम्युनिटी शील्डमध्ये मँचेस्टर सिटीला ३-१ हरवलं आणि त्यात सिटीचा नवा स्ट्रायकर हालांड याने गोलच्या तोंडाशी उभं राहून बॉल बारवर हाणला. काय हसलो होतो आम्ही! पुढे हालांडने लीगमध्ये ३६ गोल केले आणि आम्ही पाचवे आलो.

हे सगळं पाठ असूनही २०२४चा प्रीसीझन मला जड गेला. कारण आमचा कोच युर्गन क्लॉप याच्याशिवायचा तो पहिला होता. जानेवारीत त्याने जातो म्हणून जाहीर केलं, मे महिन्यात अॅनफील्डवर निरोप घेतला आणि जाता जाता माइक हातात घेऊन स्टेडियमकडून पुढच्या कोचच्या नावाचा गजर करून घेतला. आर्ने स्लॉट. नेदरलँड्सच्या फेयनूर्ड क्लबातून आलेला. मला तोवर त्याची एकही मॅच नीट पाहिल्याचं आठवत नव्हतं. जवळजवळ नऊ वर्षं एकाच माणसाच्या तालावर टीम पाहायची सवय लागली होती, आणि आता हा कोण कुठला येऊन काय करणार, याची धास्ती.

त्यात भर म्हणजे बाई असून फुटबॉल बघते हे अजूनही काहींना पचत नाही. मोसम चालू असतो तेव्हा गुणतक्ता समोर असतो, निदान त्यावर बोलता येतं. प्रीसीझनमध्ये बोलायला ठोस काहीच नसतं, त्यामुळे परीक्षा घेणाऱ्यांचं फावतं. ऑफिसमधला एक सहकारी आहे, युनायटेडवाला, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडचा चाहता. तो दर उन्हाळ्यात नेमाने विचारतो, “मॅडम, तुम्हाला सालाह आवडतो ना? मुलींना सालाह आवडतोच.” मी एकदा सांगितलं, मला एन्डो आवडतो. तो गप्प. आमच्या मधल्या फळीतला एन्डो कोण हे त्याला आठवत नव्हतं, पण ते कबूल कसं करणार! नवीन जर्सीचंही तेच. बायकांसाठी म्हणून जी मिळते ती कंबरेत आवळलेली असते, जणू आम्ही गोल झाल्यावर उड्या मारतच नाही. मी सरळ पुरुषांची स्मॉल घेते आणि मोकळी होते.

असो. टीमकडे वळते.

क्लॉपच्या काळात प्रीसीझनचा पहिला दिवस म्हणजे लॅक्टेट टेस्ट. खेळाडू मैदानाला फेऱ्या मारायचे, वेग वाढत जायचा आणि मध्येमध्ये थांबवून कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचे. दमल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट ठरावीक पातळीच्या वर गेलं की तो खेळाडू बाद. जेम्स मिल्नर हे प्रकरण वर्षानुवर्षं जिंकायचा आणि बाकीचे गवतावर आडवे पडलेले असायचे. तो व्हिडिओ आला की मला मोसम सुरू झाल्यासारखं वाटायचं. स्लॉटने ती टेस्टच काढून टाकली आणि सहा मिनिटांची शर्यत ठेवली. सहा मिनिटांत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं, बस. गोष्ट छोटी आहे, पण कर्कबीच्या आमच्या सरावाच्या मैदानातून आलेली ती क्लिप पाहताना पहिल्यांदा जाणवलं की घरमालक बदललाय.

आणि पळायला होतं तरी कोण? युरो आणि कोपा अमेरिका, देशांच्या संघांच्या या दोन्ही स्पर्धांच्या फायनल १४ जुलैला झाल्या. आमचा ट्रेंट इंग्लंडबरोबर युरोच्या फायनलपर्यंत गेला, व्हॅन डाइक, गाकपो आणि ग्राव्हेनबर्ख नेदरलँड्सबरोबर सेमीफायनलपर्यंत. मॅक अॅलिस्टर अर्जेंटिनाकडून कोपा जिंकला, आणि ज्यांना हरवून जिंकला त्या कोलंबियात आमचाच लुईस दियाझ होता. या सगळ्यांना सुट्टी द्यावीच लागते, नाहीतर नोव्हेंबरमध्ये स्नायू बोंबलतात. म्हणजे नवा कोच नवी पद्धत शिकवतोय आणि ज्यांनी ती मोसमभर खेळायची ते समुद्रकिनाऱ्यावर. अमेरिकेच्या टूरवर गेले ते सालाह, सोबोस्लाय, जोन्स, इलियट, त्सिमिकास आणि बरीचशी तरुण पोरं.

त्या मॅचेस मी गजर लावून पाहिल्या. घरच्यांना हे वेड कळत नाही. फ्रेंडली मॅचसाठी कोण उठतं? पण माझं म्हणणं असं की फ्रेंडलीच उठून बघावी. लीगच्या मॅचमध्ये माझे डोळे बॉलला चिकटलेले असतात, जीव टांगणीला लागलेला असतो. फ्रेंडलीत हरण्या-जिंकण्याचं ओझं नसतं, त्यामुळे बॉल सोडून बाकीचं पाहता येतं. स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारा सेंटर-बॅक, कुठे उभा आहे, बॉल गेल्यावर पहिला कोण पळतो, कोच कोणाला हाक मारून बाजूला बोलावतो. साठाव्या मिनिटाला अख्खी टीम बदलते, मग पुढचं पाहून न पाहिल्यासारखं करायचं आणि चहा टाकायला उठायचं.

पिट्सबर्गमध्ये स्पेनच्या बेटिसला १-० हरवलं, गोल सोबोस्लायचा. गोल बरा होता, पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. आमचा सेंटर-बॅक बॉलवर बुटाचा तळवा ठेवून उभा होता. नुसता उभा! समोरचा स्ट्रायकर दहा पावलांवर, आणि हा हलायला तयार नाही. क्लॉपच्या टीमवर वाढलेल्या माझ्यासारखीला ते बघवेना. आमच्याकडे बॉल मिळाला की पुढे, लगेच पुढे, अशी रीत. मी टीव्हीला म्हणत होते, “अरे दे ना, कशाची वाट बघतोस?” तो वाट बघत होता स्ट्रायकर अंगावर येण्याची. स्ट्रायकर आला, त्याच्या मागची जागा मोकळी झाली आणि पास सरळ मधल्या दोघांपैकी एकाकडे. एका पासमध्ये समोरचे तिघे मागे पडले. हे एकदा नाही, सारखं होत होतं. म्हणजे हे आळशीपणाने नव्हे, शिकवून केलेलं होतं. त्यानंतर मी त्या टूरमध्ये फक्त सेंटर-बॅकचे पाय पाहिले असं म्हटलं तरी चालेल.

दुसरा बदल मधल्या फळीत. पूर्वी एक जण मागे आणि दोघे पुढे धावणारे. आता दोघे शेजारी शेजारी मागे, आणि एक जण स्ट्रायकरच्या पाठीशी. दोघे असल्यामुळे स्टॉपरला पास द्यायला दोन वाटा. यामुळे टीम शांत दिसत होती, आणि लिव्हरपूल शांत दिसणं हीच मला अस्वस्थ करणारी गोष्ट होती.

फिलाडेल्फियात आर्सेनलला २-१ हरवलं. सालाह आणि फाबियो कार्व्हालोचे गोल. मग साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात सत्तर हजारांहून जास्त लोकांसमोर युनायटेडला ३-०. कार्व्हालो, जोन्स, त्सिमिकास. सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी ‘फ्रेंडली आहे हो’ एवढंच म्हटलं. युनायटेडने फ्रेंडली जिंकली असती तर हेच वाक्य मी म्हटलं असतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. (२०२२ला बँकॉकमध्ये त्यांनी आम्हाला ४-० हरवलं होतं तेव्हा मी शब्दशः हेच म्हटलं होतं.)

कार्व्हालोबद्दल मात्र थोडं बोलायलाच हवं. आर्सेनलविरुद्ध गोल, युनायटेडविरुद्ध गोल, पोरगा हसतोय, आम्ही म्हणतोय आता याला संधी मिळणार. ऑगस्टच्या मध्यावर तो ब्रेंटफर्डला विकला गेला. टूरवर सगळीकडे खेळलेला सेप व्हॅन डेन बर्गही पाठोपाठ तिथेच. प्रीसीझनमध्ये चमकणाऱ्या खेळाडूकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच बघते. तो कोचला पटवतोय की गिऱ्हाइकाला, हे कळायला मार्ग नसतो, आणि क्लबला दोन्ही चालतं. हार्वी इलियट तर त्या टूरवर इतका सुंदर खेळला की मी त्याला मनातल्या मनात पहिल्या अकरात बसवून टाकलं होतं. सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघाबरोबर असताना त्याचा पाय मोडला आणि मोसमभर तो बहुतेक वेळा बेंचवरूनच दिसला.

आता खरेदी. खरेदी नव्हतीच! जून गेला, जुलै गेला, एकही नवीन खेळाडू नाही. बाकीचे क्लब रोज कुणाला तरी मफलर घालून फोटो काढत होते. शेवटी एक नाव आलं, रेआल सोसिएदादचा मार्तिन झुबिमेंदी. मधल्या फळीत मागे खेळणारा, स्पेनकडून युरो जिंकलेला. फोन हातातून सुटेना. जेवताना, मीटिंगमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर. येतोय, जवळजवळ आलाच, आणि मग त्याने सांगितलं की मी इथेच राहतो. त्या दिवशी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला.

याच उन्हाळ्यात ‘क्लब पैसाच काढत नाही’ असं सगळे ओरडत असताना, आमच्या महिला संघाने त्यांच्या इतिहासातली सर्वांत महाग खरेदी केली होती. ओलिव्हिया स्मिथ, कॅनडाची, तेव्हा एकोणीस वर्षांची, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगहून. आदल्या मोसमात या मुली लीगमध्ये चौथ्या आल्या होत्या. पण त्यांचा प्रीसीझन धड कुठे दाखवत नाहीत, त्यांच्या मॅचेसचे निकाल शोधून काढावे लागतात, आणि ‘लिव्हरपूलने कोणालाच घेतलं नाही’ या वाक्यात त्या धरल्याच जात नाहीत. मी हे ऑफिसात म्हटलं तर उत्तर आलं, “ते वेगळं हो.” वेगळं कसं, ते काही त्यांना सांगता आलं नाही. वर्षभरात त्याच स्मिथला आर्सेनलने दहा लाख पौंडांना नेलं, महिला फुटबॉलमध्ये तोवर एवढी किंमत कोणालाच मिळाली नव्हती. मला तिचं जाणं झुबिमेंदीच्या न येण्यापेक्षा जास्त लागलं.

११ ऑगस्टला अॅनफील्डवर सेव्हिया. सुट्टीवरची मंडळी परतली होती, म्हणजे ही खरी रंगीत तालीम. ४-१ जिंकलो, दियाझचे दोन, जोटाचा एक, आणि चौथा ट्रे न्योनीचा. पण माझी नजर रायन ग्राव्हेनबर्खवर अडकली. झुबिमेंदी जिथे खेळणार होता तिथे, मॅक अॅलिस्टरच्या जोडीला, हा उभा. पाठीवर माणूस घेऊन पास झेलायचा आणि त्याच झोकात अर्धा वळून त्याला मागे टाकायचं, हे तो असं करत होता की मागचा माणूस आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. आदल्या मोसमात हा पोरगा आत-बाहेर करत होता. मी बहिणीला मेसेज टाकला, “ग्राव्हेनबर्ख बघ.” तिचं उत्तर आलं, “ताई, फ्रेंडली आहे.” घरातही तेच.

इप्सविचला १७ ऑगस्टला मोसम सुरू झाला. हाफ टाइमला ०-०, आणि स्लॉटने तरुण स्टॉपर क्वान्साला काढून कोनातेला आणलं, टक्कर जिंकता येत नाहीये म्हणून. पहिल्याच मॅचला, कोवळ्या पोराला, हाफ टाइमला. क्लॉपने मिठी मारून दुसरा हाफ खेळवला असता का, हा विचार मनात आलाच. पण नंतर जोटाने गोल केला, मग सालाहने, २-०. स्लॉटच्या लिव्हरपूलचा लीगमधला पहिला गोल जोटाच्या नावावर आहे. पुढच्या वर्षी ३ जुलैला तो अपघातात गेला, आणि त्या उन्हाळ्याच्या प्रीसीझनबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

१ सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्ड. ग्राव्हेनबर्खने कासेमिरोचा पास मध्येच उचलला, पुढे घुसला, सालाहचा क्रॉस, दियाझचं हेडर. पुन्हा दियाझ, मग सालाह. ३-०, साउथ कॅरोलायनातल्या फ्रेंडलीचाच स्कोअर. सोमवारी सहकारी स्वतःहून माझ्या टेबलाशी आला. यंदा सालाहचं नाव नाही काढलं. “मॅडम, तो मधला उंच पोरगा कोण हो? नवीन घेतलाय का?”

म्हटलं, नाही. कालच एक वर्ष झालं त्याला.